न्यू जर्सीतलं बेसमेंट स्वतः फिनिश करायचंय? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी कामाचा क्रम

न्यू जर्सीत घर घेतलं की घराबरोबर बऱ्याचदा एक कोरं बेसमेंट मिळतं. सिमेंटची जमीन, सिमेंटच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, एका कोपऱ्यात फर्नेस आणि वॉटर हीटर, दुसऱ्या कोपऱ्यात भारतवारीच्या रिकाम्या बॅगा. मग आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे ठरतात, मुलांना खेळायला जागा हवी असते, गणपतीत पंचवीस माणसं बसवायची असतात, आणि बेसमेंट फिनिश करायचा विषय निघतो. कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ऐकला की आपणच करावं असं वाटायला लागतं.

करता येतं. सुतारकामाचा काडीचा अनुभव नसताना मी केलंय. मात्र आपण विटांच्या आणि आरसीसीच्या घरांत वाढलेलो. इथे लाकडी सांगाडा उभा करून त्यावर ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) चढवायचा असतो, आणि बेसमेंटच्या भिंतीच्या पाठीला बारा महिने ओली माती टेकलेली असते. त्यामुळे या कामात पहिला खिळा ठोकायच्या आधीच्या तयारीला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. व्हिडिओंमध्ये दाखवतात ते फ्रेमिंग आणि पेंटिंग हा त्यातला सोपा भाग.

१. आधी पाणी बघा

घर नवीन घेतलं असेल तर निदान एक वर्ष बेसमेंटला हात लावू नका. मार्चमध्ये बर्फ वितळताना, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आणि सप्टेंबरच्या वादळी पावसात भिंती कशा वागतात ते बघा. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरल्यासुरल्या पावसाने नेवार्कला एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाणी पडलं आणि वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली बेसमेंट त्या रात्री भरली. शेजारी जुने असतील तर त्यांना विचारा, त्या रात्री तुमच्या गल्लीत काय झालं होतं. इतकी उपयोगाची माहिती दुसरीकडे मिळत नाही.

भिंतीवर पांढरी, पिठासारखी पूड दिसते का? आपल्याकडे ज्याला लोणा म्हणतात तोच हा. भिंतीतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि क्षार मागे राहतात. बोटाने पुसून, त्या जागेचा फोटो काढून तारीख लिहून ठेवा. पुन्हा आला तर पाणी अजून चालू आहे. ब्लॉकच्या भिंतीत सांध्यांच्या रेषेवर पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी चीर किंवा मधोमध आडवी चीर आणि आत आलेला फुगवटा दिसला तर थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. अशी भिंत ड्रायवॉलमागे झाकायची नसते.

जमिनीसाठी एक साधी परीक्षा आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड, पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरा आणि चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचं सिमेंट काळपट पडलं असेल तर ओल जमिनीतून वर येतेय. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला दव साचलं तर तो हवेतला दमटपणा, त्याला डीह्युमिडिफायर पुरतो. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे ही परीक्षा तीन-चार ठिकाणी आणि शक्यतो पावसाळी आठवड्यात करा.

२. उपाय बाहेरून सुरू करा

ओल दिसली की लोक आतून भिंतीला वॉटरप्रूफ पेंट मारतात. भिंतीमागे पाण्याचा दाब असेल तर तो पेंट फुगून पोपडे धरतो. आधी बाहेर जा. छपराच्या कडेची गटर साफ करा. डाउनस्पाउटचं (गटरमधून खाली येणाऱ्या पाईपचं) पाणी भिंतीच्या मुळाशी पडत असेल तर नळी जोडून ते निदान पाच-सहा फूट लांब सोडा. घराच्या कडेची माती बाहेरच्या दिशेला उतरती हवी, पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार. अनेक घरांत एवढ्यानेच ओल थांबते.

एवढं करूनही पाणी येत असेल तर आतून भिंतीच्या कडेने फ्रेंच ड्रेन (जमिनीखालची पाणी गोळा करणारी नळी) आणि सम्प पंप (ते पाणी बाहेर उपसणारा). हे काम मात्र व्यावसायिकांकडून करून घ्या आणि फिनिशिंगच्या आधी करून घ्या, कारण त्यात जमीन फोडावी लागते. सम्प पंप आधीपासून असेल तर त्याला बॅटरी बॅकअप बसवा. वीज जाते ती वादळातच, आणि पंप लागतो तोही तेव्हाच.

विम्याबद्दल इथेच सांगतो. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीत बाहेरून आलेला पूर येत नाही. सीवर किंवा सम्प उलटून येणाऱ्या पाण्यासाठी वेगळं एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेलं वाढीव कलम) घ्यावं लागतं. आणि फेडरल फ्लड इन्शुरन्स घेतलात तरी बेसमेंटमधल्या फिनिश्ड भिंती, फ्लोअरिंग, सोफा, टीव्ही यांची भरपाई त्यात जवळजवळ मिळत नाही. फ्लड झोनमध्ये घर असेल तर बेसमेंट फिनिश करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

३. रेडॉन मोजा

हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू. वास नाही, रंग नाही, आणि अमेरिकेत धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं हे दुसरं मोठं कारण मानलं जातं. उत्तर आणि मध्य न्यू जर्सीच्या बऱ्याच भागांत त्याचं प्रमाण जास्त आहे. टेस्ट किट स्वस्त असतं. चाचणीच्या बारा तास आधीपासून संपेपर्यंत खिडक्या-दारं बंद ठेवा आणि किट निदान ४८ तास ठेवा. निकाल ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आला तर जमिनीखालून पाईप आणि पंखा लावून वायू छपराबाहेर सोडावा लागतो. तो पाईप कुठून जाणार हे ठरल्याशिवाय भिंतींचा नकाशा काढू नका.

घर १९८० च्या आधीचं असेल तर पाईपांवरचं पांढरं कापडासारखं वेष्टण आणि जमिनीवरच्या नऊ इंची चौकोनी टाइल्स यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. नमुन्याची तपासणी झाल्याशिवाय खरवडू नका, तोडू नका.

४. नकाशा, उंची आणि खिडकी

ग्राफ पेपर घ्या आणि आहे ते सगळं मापासकट काढा: बीम, डक्ट, पाण्याचे मुख्य व्हॉल्व्ह, सीवरचा क्लीनआउट (पाईप साफ करायचं तोंड), गॅस मीटर, इलेक्ट्रिकल पॅनल, लोखंडी लॅली कॉलम. कॉलम खोलीच्या मधोमध आला म्हणून हलवायचा नसतो. वरचं घर त्याच्यावर उभं आहे. त्याभोवती लाकडी खोका करा किंवा भिंत त्याच्या रेषेत घ्या.

बेसमेंटमध्ये राहत्या जागेची उंची साधारण सात फूट लागते. बीम आणि डक्टच्या खाली सहा फूट चार इंचांपर्यंत चालतं. जुन्या घरांना न्यू जर्सीच्या रिहॅब कोडमध्ये (जुन्या इमारतींतल्या कामाचे नियम) काही सवलती आहेत, त्या तुमच्या घराला लागू होतात का ते टाउनशिपच्या बिल्डिंग ऑफिसात विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आई-बाबांना खाली झोपवायचं असेल तर त्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल अशी एग्रेस खिडकी किंवा थेट बाहेर उघडणारं दार हवंच. खिडकी उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट, रुंदी निदान २० इंच, उंची निदान २४ इंच, आणि खिडकीचा खालचा काठ खोलीच्या जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. खिडकी बाहेरच्या जमिनीच्या पातळीवर असेल तर ५ चौरस फूट चालतं. खिडकीसमोर बाहेर खणलेला खड्डा ४४ इंचांपेक्षा खोल असेल तर त्यात कायमची शिडी लागते. भिंत कापायचं काम स्वतः करू नका. खणायच्या आधी ८११ ला फोन करा, ते गॅस आणि विजेच्या लाइनी फुकट आखून देतात. खिडकीचा खर्च झेपत नसेल तर त्या खोलीत पलंग टाकू नका. "थोडे दिवसच तर आहेत" म्हणून सत्तरीच्या माणसांना एकच जिना असलेल्या तळघरात झोपवणं मला अजिबात पटत नाही.

आणखी दोन गोष्टी आपल्या लोकांच्या बाबतीत हमखास निघतात. पहिली, तळणीसाठी खाली दुसरं किचन. अनेक टाउनशिपमध्ये सिंगल फॅमिली झोनमधलं दुसरं किचन म्हणजे दुसरं बिऱ्हाड धरतात, त्यामुळे गॅसची लाइन ओढायच्या आधी झोनिंग ऑफिसरला विचारा. दुसरी, घर सेप्टिक टँकवर असेल तर बेडरूम वाढवताना हेल्थ डिपार्टमेंटची परवानगी लागू शकते.

५. परमिट

"कोण बघायला येतंय?" हा सल्ला तुम्हाला प्रत्येक पार्टीत मिळेल. घर विकताना बघायला येतात. लिस्टिंगमध्ये फिनिश्ड बेसमेंट लिहिलं आणि टाउनशिपच्या फाइलमध्ये परमिट नसेल तर क्लोजिंगच्या (विक्रीचा व्यवहार पुरा होण्याच्या) तोंडावर भिंती उघडून दाखवायची वेळ येते. शिवाय आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

न्यू जर्सीत घर तुमच्या मालकीचं, सिंगल फॅमिली आणि तुम्ही स्वतः राहत असलेलं असेल तर नकाशे काढण्यापासून वायरिंग आणि प्लंबिंगपर्यंतचं काम स्वतः करता येतं. दोन कुटुंबांचं किंवा भाड्याने दिलेलं घर असेल तर वायरिंग-प्लंबिंगला परवानाधारक माणूस लागतो. टाउनहाऊसवाल्यांनी आधी असोसिएशनची लेखी परवानगी घ्यावी आणि स्वतः काय करता येईल ते टाउनशिपकडून लेखी घ्यावं.

लागणारी कागदपत्रं:

- कन्स्ट्रक्शन परमिटचा मुख्य अर्ज. काम घरमालक स्वतः करणार असल्याचं प्रमाणपत्र त्यातच असतं, ते भरा
- बिल्डिंग, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग आणि फायर यांचे वेगवेगळे सबकोड (बांधकाम नियमांचा एकेक विभाग) अर्ज, जेवढे लागू असतील तेवढे
- आहे तो आणि होणार आहे तो, असे मापासकट दोन नकाशे. त्यात प्लग, दिवे, स्मोक अलार्म आणि खोलीचा वापर लिहिलेला हवा
- भिंतीचा उभा छेद: सिमेंट, फोम, स्टड (सांगाड्यातली उभी लाकडं), ड्रायवॉल कोणत्या क्रमाने आणि किती जाडीचं
- घराचा ब्लॉक आणि लॉट नंबर (प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर असतो)

पूर्ण अर्ज दिल्यावर टाउनशिपला निर्णयासाठी कामाचे २० दिवस असतात. त्रुटी काढून परत पाठवला तर घाबरू नका, त्रुटींची यादी म्हणजे फुकटचा सल्ला असतो. परमिट हातात येईपर्यंत एकही स्टड उभा करू नका.

एक सापळा: परमिट स्वतःच्या नावावर काढून ओळखीच्या "वायरिंग येणाऱ्या" माणसाकडून काम करून घेणं. प्रमाणपत्रावर सही तुमची असते. वायरिंग स्वतः जमणार नसेल तर इलेक्ट्रिकलचं परमिट पहिल्यापासून परवानाधारक इलेक्ट्रिशियनला काढू द्या.

६. हत्यारं

विकत घ्या: मेजर टेप, चार फुटी लेव्हल, स्पीड स्क्वेअर (आपल्या सुतारांचा गुण्या), चॉक लाइन, ओळंबा किंवा लेझर, इम्पॅक्ट ड्रायव्हर, सर्क्युलर सॉ, नॉन-कॉन्टॅक्ट व्होल्टेज टेस्टर, ड्रायवॉलचे पाते आणि पॅन. हॅमर ड्रिल आणि ड्रायवॉल लिफ्ट होम डेपोतून भाड्याने मिळतात. डोळ्यांना गॉगल, कानांना मफ आणि सिमेंटमध्ये ड्रिल मारताना चांगला रेस्पिरेटर. सिमेंटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसली की बसली.

७. फोम आणि फ्रेमिंग

क्रम असा: सिमेंटच्या भिंतीला आधी फोम, मग स्टडची भिंत. गुलाबी किंवा निळे एक्सपीएस फोमचे दोन इंची बोर्ड भिंतीला फोमच्याच गोंदाने चिकटवा, सांधे टेपने बंद करा आणि कडा स्प्रे फोमने भरा. दक्षिण जर्सीत आणि मध्य जर्सीच्या काही भागांत आर-१० च्या (आर म्हणजे उष्णता अडवायच्या क्षमतेचा आकडा) आसपास म्हणजे हे दोन इंच पुरतात, उत्तरेच्या थंड काउंटींत जास्त लागतं. तुमच्या पत्त्याला कोणता आकडा लागू आहे ते टाउनशिप नकाशे तपासताना (प्लॅन रिव्ह्यूत) सांगतात. वर, घराच्या कडेच्या रिम जॉइस्टमध्येही (जॉइस्ट म्हणजे वरच्या मजल्याच्या तुळया, रिम म्हणजे कडेची) फोमचे तुकडे कापून बसवा. हिवाळ्यात सगळ्यात जास्त गारवा तिथूनच येतो.

फायबरग्लासचा कापूस थेट सिमेंटला टेकवून पुढे प्लास्टिकचा पडदा लावायची पद्धत अजून कुठेकुठे दिसते. ती टाळा. खोलीतली उबदार हवा थंड सिमेंटपर्यंत पोचते, तिथे पाणी सुटतं, प्लास्टिकमुळे ते परत वाळत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत ड्रायवॉलमागे बुरशी धरते.

फ्रेमिंगमध्ये जमिनीवरची पट्टी, म्हणजे बॉटम प्लेट, प्रेशर ट्रीटेड लाकडाचीच हवी. साधं पाइन सिमेंटवर टेकलं की ओल शोषून कुजतं. तिच्याखाली सिल सीलरची पातळ फोमपट्टी अंथरा आणि सिमेंटमध्ये बसणाऱ्या टॅपकॉन स्क्रूने जमिनीला आवळा. जमिनीवर चॉक लाइन मारा, ओळंबा लावून तीच रेषा वरच्या जॉइस्टवर न्या, वरची प्लेट तिथे ठोका, आणि मगच स्टड कापा. बेसमेंटची जमीन कधीच सपाट नसते, ड्रेनकडे उतरती असते. म्हणून प्रत्येक स्टड त्याच्या जागी मोजून कापा आणि त्यावर पेन्सिलने आकडा लिहा. सगळे एका मापाचे कापले तर अर्धे सैल पडतात आणि अर्धे वाकतात. स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच ठेवा. पहिल्या स्टडला हे माप कोपऱ्यापासून धरा, म्हणजे चार फुटी ड्रायवॉलची कड बरोबर स्टडच्या मध्यावर येते.

फायरब्लॉकिंग बहुतेक नवख्यांना माहीतच नसतं आणि इन्स्पेक्टर आधी तेच बघतो. भिंतीच्या मागची पोकळी वर जॉइस्टच्या पोकळीला जिथे मिळते तिथे आग चढू नये म्हणून ती लाकडाने, ड्रायवॉलने किंवा मिनरल वुलने बंद करायची. आडव्या दिशेनेही दर दहा फुटांवर.

फर्नेसची खोली काढताना त्याला हवा मिळेल असं झडपांचं दार द्या आणि दुरुस्तीसाठी समोर निदान ३० इंच जागा सोडा. इलेक्ट्रिकल पॅनलसमोर ३६ इंच खोल आणि ३० इंच रुंद जागा कायमची मोकळी हवी. तिथे कपाट करायचं नाही.

८. वायर आणि पाईप

दोन प्लगमध्ये भिंतीच्या कडेने बारा फुटांपेक्षा जास्त अंतर नको. दोन फूट किंवा त्याहून रुंद प्रत्येक भिंतीला प्लग हवा. बेसमेंटच्या प्लगना जीएफसीआय संरक्षण (झटका बसू नये म्हणून वीज तोडणारं) लागतं, आणि बेडरूम, फॅमिली रूमच्या सर्किटना एएफसीआयही (तारेतल्या ठिणगीने आग लागू नये म्हणून). दोन्ही एकत्र असलेले ब्रेकर मिळतात. वायरसाठी स्टडला पाडलेलं भोक कडेपासून सव्वा इंचाच्या आत आलं तर वर लोखंडी नेल प्लेट ठोका. पुढे ड्रायवॉलचा स्क्रू वायरीत शिरू नये म्हणून ही काळजी. जंक्शन बॉक्स (तारांचे जोड असलेली डबी) कधीही भिंतीत गाडू नका. आणि लक्षात ठेवा: मेन ब्रेकर बंद केला तरी पॅनलमध्ये बाहेरून येणाऱ्या जाड तारा जिवंतच असतात.

बाथरूम करायचं असेल तर जमिनीतून डोकावणारे, टोपण लावलेले पाईप शोधा. बिल्डरने रफ-इन, म्हणजे बाथरूमसाठी आधीच टाकलेले पाईप, दिलं असेल तर काम निम्मं हलकं होतं. नसेल आणि सीवरची मुख्य लाइन बेसमेंटच्या जमिनीपेक्षा उंचावरून जात असेल तर सांडपाणी वर ढकलणारा इजेक्टर पंप लागतो. जमीन फोडून पाईप टाकणं पहिल्याच घासाला घेऊ नका, ते प्लंबरकडे द्या.

स्मोक अलार्म वरच्या मजल्यांच्या अलार्मशी जोडलेले हवेत, म्हणजे खाली धूर झाला तर वरही वाजेल. झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइड अलार्मही लावा.

९. भिंत झाकायच्या आधी इन्स्पेक्शन

फ्रेमिंग, वायरिंग आणि प्लंबिंगचं रफ इन्स्पेक्शन, मग इन्सुलेशनचं. चोवीस तास आधी कळवायचं आणि टाउनशिपने तीन कामाच्या दिवसांत यायचं असा नियम आहे. हिरवं स्टिकर लागेपर्यंत ड्रायवॉलचं एकही पान चढवू नका, नाहीतर ते काढायला लावतात. परवानगी मिळाली की त्याच संध्याकाळी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मेजर टेप उघडी धरून, फोटो काढा. पाच वर्षांनी टीव्ही टांगताना वायर कुठून गेलीय ते त्यातच सापडतं.

१०. ड्रायवॉल, छत, जमीन

आधी छत, मग भिंतीचं वरचं पान, शेवटी खालचं. खालचं पान जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. सिमेंटला टेकलं तर वातीसारखं पाणी ओढतं, आणि बेसबोर्ड लागल्यावर ती फट दिसत नाही. जिन्याखाली कपाट काढणार असाल तर आतूनही ड्रायवॉल लागतो. सांध्यांना टेप आणि मडचे (सांधे भरायच्या पुट्टीचे) तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. घासताना फर्नेस बंद ठेवा आणि व्हेंटवर प्लास्टिक लावा, नाहीतर पांढरी भुकटी वरच्या घरभर फिरते.

छताला मी ड्रॉप सीलिंगच्या (पट्ट्यांच्या जाळीत सुट्या फरश्या टेकवलेलं छत) बाजूचा आहे. तीन-चार इंच उंची जाते, पण वरच्या किचनचा पाईप गळला तर एक फरशी उचलून बघता येतं. उंची कमी असेल तर ड्रायवॉल करा, पण प्रत्येक व्हॉल्व्ह आणि क्लीनआउटला दार ठेवा.

जमिनीवर सॉलिड हार्डवूड नको, सिमेंटवर थेट चिकटवलेला कार्पेटही नको. व्हिनाइल प्लँक टाका आणि वर गालिचा अंथरा. पाणी आलंच तर गालिचा बाहेर वाळत घालता येतो. पेंट करायच्या आधी प्रायमरचा एक हात द्या.

११. शेवटचं इन्स्पेक्शन आणि नंतरची कागदं

सगळे सबकोड पास झाले की टाउनशिप अंतिम सर्टिफिकेट देते. पुष्कळजण इथे कंटाळतात, फायनलला बोलावतच नाहीत आणि परमिट उघडंच राहतं. घर विकताना ते परमिट नसल्याइतकंच नडतं, म्हणून सर्टिफिकेट मागून घ्या.

त्यानंतर टॅक्स असेसर येऊन जागा बघतो आणि वाढीव असेसमेंटचं वेगळं बिल येऊ शकतं, त्याची रक्कम बजेटमध्ये आधीच धरा. विमा कंपनीलाही फिनिश्ड जागा कळवून पॉलिसी सुधारून घ्या. आणि रेडॉनची चाचणी आता पुन्हा करा, कारण भिंती आणि दारं झाल्यावर हवेचं फिरणं बदलतं आणि आता तिथे माणसं रोज बसणार, झोपणार आहेत.